बंद शाळेतले एकोणीस प्रश्न

दर जानेवारीत विद्यापीठाकडून आमच्या शाळेत एक शिकाऊ मुलगी येते. क्वचित मुलगा, पण बहुधा मुलगीच. पुढे शाळांमध्ये मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं, त्याआधी तिला एका शिक्षकाशी बोलायला शिकावं लागतं. लहान मुलांशी कसं बोलायचं ते तोवर शिकून झालेलं असतं. शिक्षकांशी बोलणं जास्त अवघड, म्हणून ते शेवटाकडे ठेवतात. गेली अकरा वर्षं तो शिक्षक म्हणजे मी. दुसरीचा वर्ग, खोली क्रमांक सात, मिसेस लोर्ना ब्रेक्के.

या शिकाऊ मुलींचे नियम मला आता पाठ आहेत. त्यांनी सल्ला द्यायचा नसतो. मुलाला हात लावायचा नसतो, फार तर मागे बसून बघायचं. मी एखाद्या मुलाची अडचण सांगायची आणि त्यांनी मला असे प्रश्न विचारायचे की उपाय माझ्याच तोंडून निघावा. "ते नेमकं कसं दिसतं?" "सकाळभरात किती वेळा?" "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की..." हे सगळं टेबलावरच्या छोट्या रेकॉर्डरमध्ये टिपलं जातं आणि संध्याकाळी त्यांच्या प्राध्यापिका, डॉ. केस्टर, ते ऐकतात. डॉ. केस्टरना मी कधी पाहिलेलं नाही. पण अकरा वर्षं त्यांच्यासाठी मी जरा स्पष्ट आणि जरा गोड बोलत आले आहे.

या वर्षी आली ती पाहुआ लोर. चोवीस वर्षांची, ठेंगणी, बुटांवरचं बर्फ दाराबाहेर इतकं झटकणारी की आमच्या शिपायानं तिला पहिल्याच दिवशी आशीर्वाद दिला असता. तिच्या घरचे हमाँग, आग्नेय आशियाच्या डोंगरांतून निर्वासित होऊन इकडे आलेले लोक. नदीपलीकडच्या वस्तीत तिच्या आईवडिलांची भाजीची शेती आहे आणि शनिवारच्या बाजारात त्यांच्या काकड्या आम्ही सगळेच घेतो. घरात इंग्रजी नीट येणारी पहिली तीच, म्हणून नवव्या वर्षापासून आईबरोबर दवाखान्यात, बँकेत, धाकट्या भावांच्या शाळेत दुभाषी म्हणून बसलेली.

"डॉक्टर आईवर चिडले की मी आईला सांगायचे, डॉक्टर म्हणतात काळजी घ्या," एकदा ती म्हणाली. "आणि आई डॉक्टरवर चिडली की डॉक्टरांना सांगायचे, आई म्हणते थँक यू."

"मग सगळे खूश?"

"सगळे. आईचं औषध सोडून."

हे ती रेकॉर्डर बंद केल्यावर बोलली होती. तेव्हाच दुसरीही गोष्ट सांगून टाकली. ती हा अभ्यासक्रम दुसऱ्यांदा करत होती. गेल्या वर्षी दुसऱ्या शाळेतल्या तिच्या शिक्षिकेनं ठरलेला उपाय केलाच नाही, आणि पाहुआनं ते माहीत असूनही एकदाही विचारलं नाही. शेवटपर्यंत "वा, छान चाललंय" म्हणत राहिली. डॉ. केस्टरनी नापास केलं. या वर्षी पुन्हा तसं झालं तर विद्यापीठ तिला निरोप देणार होतं. तिसरी संधी नसते.

मी मनात म्हटलं, पोरी, मी तुझं काही वाईट होऊ देणार नाही. आता वाटतं, सगळा घोळ तिथेच सुरू झाला.

मी अडचण म्हणून निवडली ती टिल्डा. सात वर्षांची, दोन वर्षांत तिसरी शाळा. हुशार. पण एक गणित सोडवलं की वही घेऊन माझ्यापुढे हजर. "बरोबर आहे का, मिसेस ब्रेक्के?" दुसरं सोडवलं, पुन्हा हजर. मी रागावले की रडायची नाही, फक्त वही छातीशी धरून उभी राहायची, म्हणजे मलाच रडू यायचं. पाहुआच्या सांगण्यावरून मी आठवडाभर मोजलं. उजव्या खिशात पेपरक्लिपा भरायच्या, टिल्डा आली की एक डाव्या खिशात टाकायची. सरासरी तेवीस, आणि ते फक्त जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मग मार्चच्या तोंडावर उपाय ठरला. ठरला म्हणजे कसा, तेही सांगते. पाहुआ म्हणाली, ती उठून यायच्या आधीच तुम्ही तिच्याकडे गेलात तर? दर दहा मिनिटांनी? नुसतं जवळ उभं राहायचं, चूक-बरोबर काही बोलायचं नाही. मी म्हटलं, "कल्पना छान आहे." ती म्हणाली, "जमेल ना?" मी म्हटलं, "हो हो, न जमायला काय झालं."

आमच्या भागात माणूस जेवायला आला तर वाढणाऱ्याला तीनदा नको म्हणतो आणि चौथ्यांदा ताट पुढे करतो. हो-नाहीचा हिशेब इथे शब्दांवरून लागत नाही. कुणी तुमच्या नव्या पडद्यांना "वेगळेच आहेत" म्हणालं तर समजायचं, घरी जाऊन हसणार आहे. आणि "न जमायला काय झालं" याचा अर्थ "मेले तरी जमणार नाही" असाही होतो. माझी आई तसं बोलायची, तिची आई तसं बोलायची. पाहुआच्या घरीही मोठ्या माणसांनी हो म्हटलं की पुढे विचारत नाहीत. अशा दोघी समोरासमोर बसल्यावर कुठलाही उपाय पाच मिनिटांत मंजूर होतो.

पुढच्या सोमवारी तिनं एक तक्ता आणून दिला. रोजचे चौकोन: दहा मिनिटांनी गेले, खूण, काही न बोलता उभी राहिले, खूण, आज टिल्डा किती वेळा आली, आकडा. शनिवार-रविवार गाळून महिन्याचे वार छापलेले, प्रत्येक आठवड्याला वेगळा फिका रंग. घरी रात्री बसून केलेला असावा, इतका सुबक.

मी तो दाराच्या आतल्या बाजूला लावला. पहिल्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी मनगटावरचा टायमर थरथरला. मी काजूच्या आकाराच्या टेबलाच्या आतल्या वळणात बसले होते, समोर पाच मुलं अडखळत वाचत होती. टिल्डा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. मी उठले आणि तिच्यापर्यंत पोचेस्तोवर टेबलावरच्या पाचांपैकी दोघं टेबलाखाली होती. दुसऱ्या दिवशी टायमर पर्समध्ये गेला.

आणि खुणा? खुणा मी करत गेले. रविवारी दुपारी, तक्ता घरी नेऊन, कॉफीचा मग शेजारी ठेवून, आठवड्याच्या एकदम. आकडेही अंदाजानं. एकवीस, वीस, एकवीस, हळूहळू उतरते. एकदम उतरवले तर डॉ. केस्टरना शंका येईल म्हणून मधेच एखादा चढवलेला. मुलगी पास झाली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. खोटं बोलतेय असं वाटत नव्हतं. वाटत होतं, मी तिच्यासाठी काहीतरी विणतेय.

एप्रिलच्या सुरुवातीला पाहुआ तक्ता घेऊन समोर बसली. मुलं संगीताच्या तासाला गेली होती. रेकॉर्डर टेबलावर, त्याचा लाल ठिपका लागलेला.

"खूप आभार, लोर्ना, सगळे चौकोन भरलेत तुम्ही," ती म्हणाली.

"मग. कबूल केलं म्हणजे केलं."

"हो." तिनं बोट मार्चच्या दुसऱ्या आठवड्यावर ठेवलं. तो आठवडा फिका हिरवा होता. बोट मंगळवारवर थांबलं आणि तिथेच राहिलं. "या मंगळवारबद्दल मला थोडं सांगाल?"

"कुठला? अं... एकोणीस. चांगला दिवस होता. टिल्डा जरा शांत होती."

या मुलींना गप्प बसायलाही शिकवतात; शिक्षक बोलेपर्यंत मनातल्या मनात दहा मोजायचे. पण हे दहाच्या पुढे गेलं. तिचे कान लाल झाले होते. मी पुन्हा चौकोनाकडे पाहिलं, तारीख पाहिली, आणि मला आमच्या अंगणातलं फावडं दिसलं. त्या मंगळवारी कंबरेएवढं बर्फ पडलं होतं. जिल्ह्यातली एकूण एक शाळा बंद होती. मी आणि माझा नवरा आर्ने दिवसभर गाडी उकरून काढत होतो.

बंद शाळेत टिल्डानं मला एकोणीस वेळा विचारलं होतं. आणि दर दहा मिनिटांनी मी तिच्याजवळ जाऊन उभीही राहिले होते.

"अरे देवा," मी म्हटलं. मग लगेच हात पुढे केला. "आण तो कागद. खोडते मी तेवढं. दिवस चुकला माझा, बाकीचं सगळं ठीक आहे. एका चौकोनानं काय होतंय? तुझं काम अडता कामा नये."

मी पेन्सिल उलटी करून खोडरबरसुद्धा टेकवलं. पाहुआ माझ्या हाताकडे बघत होती. तिला फक्त "बरं" म्हणायचं होतं. जन्मभर तेच म्हणत आली होती ती. आलेख उतरता होता, खुणा भरलेल्या होत्या, एक चुकलेली तारीख डॉ. केस्टरच काय, कुणीही चालवून घेतली असती. पंधरा सेकंदांत ती पास होत होती.

"राहू द्या ते," ती म्हणाली. "लोर्ना, त्या दिवशी मी 'जमेल ना' म्हटलं, तेव्हा मी तुमच्या टेबलाकडे बघत होते. पाच मुलं इथे, टिल्डा तिकडे. तुम्ही उठलात तर ही पाच काय करतील, हे माझ्या डोक्यात आलं होतं. मी वहीत लिहिलंय ते. विचारलं मात्र नाही."

"का?"

"तुम्ही हो म्हणालात. मला इतकं बरं वाटलं."

"आणि मी हो म्हटलं कारण तू इतक्या आशेनं बघत होतीस," मी म्हटलं. "वर तो तक्ता! प्रत्येक आठवड्याला निराळा रंग. कोणाची छाती होईल तुला नाही म्हणायची?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. ते तिनं बाहीला पुसले. मग सरळ बसली आणि शिकवल्याप्रमाणे नाही, स्वतःच्या पद्धतीनं विचारलं, "खरं खरं, किती वेळा गेलात?"

लाल ठिपका चालूच होता. मी त्याच्याकडे पाहिलं. डॉ. केस्टर तिथे बसल्यासारख्या वाटल्या.

"महिन्याभरात दोनदा," मी म्हटलं. "त्यातली दुसरी खेप खिडकी लावायची होती."

यावर ती जी हसली, ती रेकॉर्डरसाठी नक्कीच नव्हती. मीही हसले. मग मला वाईट वाटायला लागलं, आणि ते हसण्यापेक्षा जास्त वेळ टिकलं. तिच्या हातात आता चार आठवड्यांचं काहीच उरलं नव्हतं. गेल्या वर्षासारखंच.

"आता?" मी विचारलं.

"सत्र संपायला तीन आठवडे आहेत. या खुर्चीतून न उठता तुम्ही टिल्डासाठी काय करू शकता?"

मी खोलीकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं या खोलीत शिकवतेय, पण खुर्चीत बसून हात किती लांब पोचतो हे कधी मोजलं नव्हतं. टिल्डाचं बाक टेबलाच्या टोकाशी आणलं तर माझा हात तिच्या वहीपर्यंत जातो. एक मूल वाचून थांबलं, दुसरं सुरू करणार, त्या मधल्या वेळात मी तिच्या वहीवर एक बोट टेकवू शकते. बरोबर नाही, चूक नाही. नुसतं बोट. इथे आहे मी, एवढंच.

"हे जमेल," मी म्हटलं.

"आणि नाही जमलं तर?"

"तर सांगेन."

"कधी सांगाल?"

"त्याच दिवशी."

"रविवारी नाही?"

"चावट आहेस गं," मी म्हटलं. तेही रेकॉर्डरमध्ये गेलं.

दोन दिवसांनी ती एक कागद घेऊन आली. कोट न काढताच उभी राहिली. डॉ. केस्टरनी रेकॉर्डिंग ऐकलं होतं. त्या काय म्हणाल्या ते पाहुआला कळलं नव्हतं. फक्त एवढंच, की दुसऱ्या वेळचा विद्यार्थी असला की निर्णय एकटीचा नसतो, तिघांची समिती ऐकते. त्या रेकॉर्डिंगमध्ये मी खोट्या खुणा केल्याची कबुली होती. माझी सही असल्याशिवाय ते कुणाला ऐकवता येत नव्हतं.

"समितीत कोण आहे?" मी विचारलं.

तिनं नावं वाचली. शेवटचं नाव गेर्डा ओसेन. शाळांमधली मानसशास्त्रज्ञ, निवृत्त झाली तरी विद्यापीठ तिला बोलावतं. चौदा वर्षं चर्चच्या गायनात मी आणि गेर्डा खांद्याला खांदा लावून उभ्या राहतो. तिच्या नातवाला मीच वाचायला शिकवलं आणि त्याबद्दल ती मला दर नाताळात बिस्किटांचा डबा देते, वर चिठ्ठी: 'सगळ्यात प्रामाणिक शिक्षिकेला.'

"सही नाही केली तर?"

"तर ते फक्त तक्ता बघतील. मी विचारलं, हे त्यांना कळणारच नाही." पाहुआनं कागद माझ्या टेबलावर ठेवला, पण पेन दिलं नाही. "तुम्ही नाही केलीत तरी मी समजू शकते. खरंच. दडपण घेऊ नका."

आता हे आमच्याकडच्या भाषेत म्हटलं असतं तर अर्थ 'सही कराच' असा झाला असता. पण तिचा चेहरा तसा नव्हता. ती खरंच मला मोकळं सोडत होती, आणि म्हणूनच मला कागद घरी न्यावा लागला.

आर्नेनं तो जेवताना वाचला.

"खोट्या खुणा केल्यास ते एक वेळ समजलो," तो म्हणाला. "पण बर्फाच्या दिवशी? त्या दिवशी तर तू दर दहा मिनिटांनी माझ्याजवळ येऊन उभी राहत होतीस! आणि गप्प उभी राहत नव्हतीस."

"आर्ने, गेर्डा ऐकणार आहे ते."

"मग ऐकू दे."

"प्रत्येक रविवारी तिच्या शेजारी उभं राहायचंय मला."

"सही नाही केलीस तरी राहायचंयच." त्यानं आणखी बटाटे वाढून घेतले. "फरक एवढाच, की तेव्हा फक्त तुलाच माहीत असेल."

मी त्याच्यावर चिडले, कारण तो सहसा असं काही बोलत नाही आणि बोलला की मला भांडी घासावी लागतात. घासताना माझ्या डोळ्यांपुढे समिती नव्हती. डॉक्टरच्या खोलीत आईशेजारी बसलेली नऊ वर्षांची मुलगी होती, दोन्हीकडचं कडू गिळून गोड सांगणारी. परवा माझ्यासमोर तिनं पहिल्यांदा गिळलं नव्हतं. आणि ते ऐकवायला आता माझी परवानगी हवी होती.

सकाळी सही करून कागद तिच्या हाती दिला. "पूर्ण ऐकवा म्हणावं," मी म्हटलं. "खिडकीसकट."

समिती शुक्रवारी बसली. रविवारी चर्चमध्ये मी पाच मिनिटं उशिरा गेले, म्हणजे बोलायला वेळ मिळू नये. गेर्डानं नेहमीसारखं पुस्तक दोघींमध्ये धरलं. आम्ही गायलो. प्रार्थना संपली, खाली तळघरात कॉफी सुरू झाली, आणि ती कप घेऊन माझ्याकडेच आली.

"लोर्ना, मी तुला निकाल सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"मी विचारलंय कुठे?"

"नाही विचारलंस." तिनं कॉफीत साखर ढवळली, बराच वेळ. "माझ्या शिकाऊ वर्षात, बहात्तर साली, एका बाईंनी मला पंचवीस डिसेंबरचा आकडा दिला होता. मूल त्या दिवशी वर्गात सहा वेळा ओरडलं म्हणे."

"मग तू काय केलंस?"

"घेतला," गेर्डा म्हणाली. "आलेखात बसत होता." आणि केकच्या रांगेकडे निघून गेली.

सोमवारी पाहुआ वर्गात मागे येऊन बसली. टिल्डा आता टेबलाच्या टोकाशी होती. मी हात लांबवून बोट टेकवत होते. पहिल्या दिवसांत ती माझ्या बोटाकडे संशयानं बघायची, आज तिनं ते जरा बाजूला सरकवलं, कारण खाली तिचं उत्तर झाकलं जात होतं. तरी वही घेऊन आलीच. एकदा, दोनदा, पुन्हा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा.

"त्यातलं दोनदा तिनं पाणी प्यायला जाऊ का विचारलं," मुलं गेल्यावर मी पाहुआला म्हटलं. "ते धरायचे नाहीत ना? नऊ लिही."

"पहिल्या मोजणीत पाण्याचे धरले होते?"

"धरले होते."

"मग अकरा." तिनं अकरा लिहिले. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मी पास झाले. अट आहे, या तीन आठवड्यांचं सगळं खरं लिहायचं, टिल्डाचं काही सुधारलं नाही तरी."

मी तिला मिठी मारली. तीही मारायला लागली आणि मग घड्याळाकडे बघून बाजूला झाली, कारण तिला एक राहिलेलं काम होतं. रेकॉर्डर टेबलावर ठेवला, ठिपका लागला. प्रत्येक शिकाऊ मुलीला एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि अकरा वर्षं मी त्याचं एकच उत्तर देत आले होते: काही नाही हो, सगळं फारच छान.

"माझ्या कामात काय कमी पडलं, असं तुम्हाला वाटतं?" पाहुआनं विचारलं.

तिनं गप्प राहून वाट पाहिली. दहापर्यंत मोजलं असेल, कदाचित वीसपर्यंत.

"तू आभार फार लवकर मानतेस," मी म्हटलं. "माणसानं काय केलंय ते बघायच्या आधीच. मग त्या माणसाला खरं सांगायची पंचाईत होते."

तिचे कान पुन्हा लाल झाले. "खूप आ—" ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. मग वही ओढली आणि मी काय म्हणाले ते लिहून घेतलं.